वहिनी, गाडी वर पोचली

वहिनी, गाडी वर पोचली. खालच्या स्टेशनातून निघाली, ओढ्यावरचा लोखंडी पूल ओलांडला, जंगलातलं ते आडमुठं वळण घेतलं आणि पाटीच्या दगडाच्या खाणीसमोर जाऊन उभी राहिली. एकही डबा घसरला नाही. सायकलवाले हात चोळत बसले. त्या सायकलवाल्यांत मीही होतो, हे तुला वेगळं सांगायला नको. पण वर पोचल्यावर सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो, हे मात्र सांगायला हवं, कारण तू ते ऐकायला नव्हतीस.

तू फेब्रुवारीत गेलीस आणि हे झालं मेमध्ये. मधल्या काळात घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. दादा कारखान्यातून यायचा आणि तुझ्या खुर्चीकडे न बघता जेवायचा. सई रेगेन्सबर्गहून मला फोन करून बाबा जेवला का एवढंच विचारायची, तेही जर्मनमध्ये. मी तुला लिहायला बसतोय म्हटल्यावर दादा म्हणाला, "लिही, पण रडकं लिहू नकोस. तिला खपायचं नाही." मी प्रयत्न करतोय. अधूनमधून जमणार नाही, तेवढं चालवून घे.

आपली ओळख खरं तर ड्रेस्डेनचीच. तुमच्या लग्नात मी कॉलेजातला पोरगा होतो. पंगतीत तुला जिलेबीचा आग्रह करण्यापलीकडे आपलं बोलणं झालं नव्हतं. पुढे मी शिकायला इथे आलो, होस्टेल मिळेपर्यंत म्हणून तुमच्याकडे उतरलो तो अजून हललेलो नाही. आईसमोर मी तुला अहो-जाहो करायचो, ड्रेस्डेनमध्ये आठवड्याभरात अगं-तुगंवर आलो. तू मात्र मला चिडवायचं असलं की हटकून 'भाऊजी' म्हणायचीस, आणि 'भाऊजी' कानावर पडलं की मी सावध व्हायचो.

कराडच्या शाळेत तू इतिहास शिकवायचीस. दादाच्या नोकरीपायी ती शाळा सोडून आलीस आणि इथे स्वयंपाकघराच्या टेबलाशी जर्मनचे धडे घोकत बसलीस. समोर वर्ग नाही म्हटल्यावर तू आम्हालाच वर्ग केलंस. सॅक्सनीच्या राजांची वंशावळ मला तुझ्यामुळे पाठ झाली. तिचा उपयोग अजून झालेला नाही, पण होईल म्हणतात.

आणि मग तो रविवार. सई सहाएक वर्षांची होती. दादाला थुरिंगियाच्या डोंगरातला एक किल्ला बघायचा होता, वाट चुकली आणि आपण एका बंद पडलेल्या खाणीपाशी पोचलो. काळानिळा दगड, त्याचे पत्र्यासारखे सुटलेले थर, आणि खाणीसमोर टाकाऊ तुकड्यांचा केवढा तरी ढीग. पायवाट त्या ढिगावरूनच जात होती. तू पहिलं पाऊल टाकलंस, खाली बघितलंस आणि थबकलीस. हा पाटीचा दगड होता, आणि लहानपणी पाटीला पाय लागला की जे करायचो ते तू केलंस. वाकलीस, दगडाला हात लावलास, तो कपाळाला लावलास. मग दुसरं पाऊल, आणि परत वाकलीस. तुझं बघून सईसुद्धा तेच करायला लागली. मी म्हटलं, वहिनी, अख्खा डोंगर आहे, किती नमस्कार घालणार? तू म्हणालीस, सवय आहे रे, हात आपोआप जातो.

ढिगाच्या टोकाला एक उंच माणूस काटेरी झुडपं तोडत उभा होता. त्याला वाटलं तुझा पाय मुरगळला. तो धावत जाऊन एक लाकडी स्टूल घेऊन आला. हे आपले हेर क्राउझे, हेर म्हणजे जर्मनमधले श्रीयुत. आयुष्यभर त्यांनी घरांवर या दगडाची छपरं बसवली होती. तुझं जर्मन तेव्हा इतकं तुटपुंजं होतं की तू दगडाकडे बोट दाखवून 'शाळा' म्हणालीस, पायाकडे दाखवून 'पाय' म्हणालीस आणि मान हलवून 'नाही' म्हणालीस. मग त्यांना उलगडलं. आणलेलं स्टूल त्यांनी स्वतःच बसायला घेतलं आणि सांगितलं की या खाणीतून शाळेच्या पाट्या दूरदूरच्या देशांत जायच्या. त्यांच्या लहानपणी पाटी फुटली तर छडी बसायची. पाटीच्या पाया पडणारं कुणी त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

तिथून तू त्यांच्या फेराइनची, म्हणजे गावकऱ्यांच्या हौशी मंडळाची झालीस. जुन्या शाखा रेल्वेचा खालचा निम्मा भाग त्यांनी जपला होता. उन्हाळ्यात दर रविवारी एक पिवळं डिझेल इंजिन तीन डबे घेऊन जंगलापर्यंत जायचं आणि परत यायचं. वरच्या भागातले रूळ कधीच उखडून भंगारात गेले होते. उरला होता नुसता मार्ग, त्यावर माजलेली झाडी आणि गंजलेला पूल. म्हणजे दगडासाठी बांधलेली गाडी दगडापर्यंत जातच नव्हती. तुला ते पहिल्या दिवसापासून खुपलं. "लग्नाची वरात मांडवाच्या अलीकडूनच परत फिरावी तसं आहे हे," असं तू त्या लोकांना सांगायचीस आणि मग मांडव म्हणजे काय हे समजावण्यात तुझी दुपार जायची.

त्या रेल्वेची गोष्ट तू रविवारच्या गाडीत प्रवाशांना सांगायचीस, ती मी तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की आता ती तुझ्याच आवाजात आठवते. रूळ यायच्या आधी दगड बैलगाडीतून उतरायचा आणि चिखलाच्या रस्त्यावर निम्मा फुटायचा. मग खाणवाल्यांनी दरीतल्या मुख्य लाईनपासून वरपर्यंत अरुंद रूळ टाकले. सुरुवातीला इंजिन नव्हतंच. रिकामे डबे घोडे वर ओढायचे. भरलेले डबे उताराने आपोआप खाली यायचे, त्यांवर ब्रेक आवळत माणसं बसायची, आणि घोडे मागच्या एका डब्यात उभे राहून आरामात खाली यायचे. घोड्यांचा भाग आला की तू थांबायचीस, सगळ्या डब्यावर नजर फिरवायचीस आणि म्हणायचीस, "चढताना ज्याने ओढलं त्याला उतरताना बसायला मिळालं. एवढा न्याय सगळीकडे असता तर मला इतिहास शिकवायला सोपं गेलं असतं."

मग इंजिन आलं, मालगाडीला प्रवाशांचा एक डबा लागला आणि गाव त्या डब्यावर जगायला लागलं. पोरं त्यातून शाळेत जायची, नवऱ्या मुलींच्या पेट्या त्यातून जायच्या. बाकांवर दगडाची बारीक पूड असायची म्हणून बायका बुडाखाली वर्तमानपत्र घ्यायच्या. युद्धात खाणीत कैद्यांना आणून राबवलं, त्यातले कितीतरी परत गेलेच नाहीत. मंडळातल्या काहींना वाटायचं की रविवारच्या गाडीत, लोक केक खात असताना, हे कशाला सांगायचं. तू म्हणालीस, गोष्ट सांगायची तर पुरी सांगायची, केक पळून जात नाही. तेव्हापासून ते सांगितलं जातं. पुढे देशाची दोन शकलं झाली. खाण एका बाजूला राहिली आणि गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूला. छपरांना स्वस्त पत्रे आले, शाळांत वह्या आल्या, आणि एक दिवस गाडी थांबली ती थांबलीच.

यानंतर तुझं आवडतं प्रमेय यायचं. तुझे आजोबा ज्या पाटीवर मुळाक्षरं शिकले ती याच खाणीतली. काळी, लाकडी चौकटीची, एका बाजूला लाल रेघा. मी म्हणायचो, पुरावा काय? पाट्या काय एकाच डोंगरातून निघतात का? ती पाटी तुमच्या घरी केव्हाच फुटून गेली, तिच्यावर गावाचं नाव नव्हतं. तू सरळ माझ्यावर उलटवायचीस, "तू नाही म्हणायचा पुरावा दाखव." यावर मी न्यायशास्त्र काढायचो, दादा टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि सई दोघांनाही जर्मनमध्ये गप्प बसायला सांगायची. हा वाद आपण चालत केला, गाडीत केला, पोळ्या लाटताना केला. त्याचा निकाल लागलेला नाही.

दुसरा वाद सायकलचा. गावाच्या गेमाइंडेपुढे, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या कारभारी मंडळापुढे, प्रस्ताव आला की वरच्या मोकळ्या मार्गावर राडवेग करावा. छान डांबरी सायकलमार्ग, खाणीपर्यंत. मला तो मनापासून पटला होता आणि अजूनही वाईट वाटत नाही. मी तुला आकडेमोड करून दाखवली की वर्षभर सायकली चालतील, तुमची गाडी चालणार उन्हाळ्यातले रविवार. तू शांतपणे म्हणालीस, "भाऊजी, सायकलवरून दगड उतरवून दाखवा."

गावच्या सभागृहात ज्या संध्याकाळी यावर चर्चा झाली, तिथे मी तुझ्या शेजारी बसलो होतो. सायकलवाल्यांनी मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवली. मग तू उठलीस. जर्मनमधली लिंगं तू शेवटपर्यंत चुकवलीस, त्या दिवशी तर एकही बरोबर आलं नाही. पण तू भाषण केलंच नाहीस, वर्ग घेतलास. विचारलंस, इथे कुणाकुणाच्या घरावर या खाणीतल्या दगडाचं छप्पर आहे, हात वर करा. जवळजवळ सगळे हात वर गेले. मग विचारलंस, ते तुमच्या डोक्यावर कोणी आणून ठेवलं? मागून एक आजीबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बान." रेल्वेने. तू म्हणालीस, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि खाली बसलीस.

निकाल अर्धाच लागला. फेराइनने वरचा भाग पुन्हा बांधावा, पूल दुरुस्त करावा आणि यंदाच्या उन्हाळ्याआधी सरकारी तपासणीत गाडी खाणीपर्यंत नेऊन दाखवावी. नाही जमलं तर मार्ग सायकलींना. मी तुला म्हटलं की ही नुसती लांबवलेली हार आहे, म्हातारी माणसं डोंगरात रूळ टाकणार कशी? तू म्हणालीस, "शनिवारी ये, दाखवते."

आणि मी आलो. इथे मला जरा सरळ बोलू दे. माझा प्रबंध बिघडला होता, त्या हिवाळ्यात मी दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नव्हतो, आणि आईचा फोन आला की सगळं छान चाललंय म्हणत होतो. तुला सगळं दिसत होतं. तू एकदाही बरं नाही का म्हणून विचारलं नाहीस. शनिवारी सकाळी खोलीचं दार उघडायचीस, जाड हातमोजे अंगावर फेकायचीस आणि म्हणायचीस, डबा भरलाय. अडीच तास गाडीने जायचं, दिवसभर स्लीपरखाली खडी ठासायची, मंडळाच्या जुन्या मालधक्क्यात तुझं थालीपीठ आणि त्यांचं बटाट्याचं सॅलड खायचं. वसंतापर्यंत मी भुकेने उठायला लागलो आणि प्रबंधही उठला. दीर-वहिनीत आभार मानायची पद्धत नाही, म्हणून राहून गेलं. आता मानतो. तू मला वर काढलंस, वहिनी.

आणि ब्रेकची गोष्ट तर गावभर आहे. उतारावर इंजिनाच्या ब्रेकवर भिस्त ठेवायची नाही, म्हणून शेवटच्या आणि मधल्या डब्यात एकेक माणूस हाताने फिरवायच्या ब्रेकच्या चाकाशी बसतो. खाणीच्या काळापासूनची रीत अशी की निघताना शेवटच्या डब्यातला माणूस ब्रेक सोडून हाक देतो, मधला ती ऐकली तशीच पुढे देतो, ती इंजिनापर्यंत पोचली की गाडी हलते. आता वॉकीटॉकी आहे, तरी हाक सुटलेली नाही. तू परीक्षा देऊन शेवटच्या डब्याची ब्रेकवाली झालीस आणि पहिल्याच दिवशी ब्रेक सोडून ओरडलीस, "चला!" म्हणायचं होतं 'फेर्टिश', म्हणजे तयार. पण इतकी वर्षं शाळेच्या सहलीची रांग हाकलेली बाई, तोंडातून दुसरं काय येणार? मध्ये हेर क्राउझे होते. त्यांना अर्थ कळला नाही, पण ऐकलं तेच पुढे द्यायचं हा नियम, म्हणून तेही ओरडले, "चला!" आणि गाडी निघाली.

त्यानंतर तिथे दुसरा शब्द कुणी वापरलाच नाही. पोरं ओरडायची, इंजिनवाला ओरडायचा, कॉफी प्यायला उठतानाही 'चला'. 'चहा'तला नव्हे, 'चला'तला च जर्मन लोकांना जन्मजात येतो. वरच्या भागासाठी नवी नियमावली करायची वेळ आली तेव्हा हेर क्राउझेंनी निघण्याची हाक म्हणून तोच शब्द लिहिला. तू घरी येऊन हे सांगितलंस तेव्हा दादा हसून हसून सोफ्यावरून खाली घसरला होता.

मग तुझं दुखणं आलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. फक्त एक दुपार. हॉस्पिटलच्या खिडकीतून समोरच्या चर्चचं छप्पर दिसत होतं आणि तू पडल्या पडल्या मला सांगत होतीस की ते आपल्याच खाणीतल्या दगडाचं आहे. मी सवयीने म्हटलं, पुरावा? तू हसलीस, त्रास होत असतानाही हसलीस. म्हणालीस, "गाडी वर गेली पाहिजे, निखिल. मी असो नसो." मी म्हटलं, तू असशील. खोटं बोललो, आणि ते तुला कळलं, आणि तू मला तेवढं खोटं बोलू दिलंस.

तू गेल्यावर शेवटचा डबा रिकामा झाला. तपासणी दारात आणि हेर क्राउझेंशिवाय ब्रेकचा परवाना असलेला दुसरा माणूस नाही. हेर क्राउझेंनी घरी फोन केला, दादा फोन घेईना, मी घेतला. ते मदत मागायला कचरत होते, नुसतेच हवापाण्याबद्दल बोलत राहिले. शेवटी मीच म्हटलं की मी शिकतो, पण तुम्हाला माहीत आहे ना, मी सायकलवाल्यांकडचा. ते म्हणाले, हो, हो, सायकलवाल्याला ब्रेकची किंमत कळते. मग सगळा मार्च आणि एप्रिल, दर शनिवारी, त्यांनी मला चाक फिरवायला शिकवलं. किती आवळायचं, कधी सोडायचं, रूळ ओले असताना काय करायचं. मग मीही परीक्षा दिली. तुझे हातमोजे मला लहान होतात. ते मी खिशात ठेवायचो.

तपासणीला सरकारी कार्यालयातून एक बाई आल्या. हातात आपली नियमावली, पानापानांत खुणेच्या चिठ्ठ्या. त्यांनी पूल खालून-वरून बघितला, बोल्ट ठोकले, चाकांवर बॅटरीचा झोत टाकला. चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. मग त्या इंजिनामागच्या डब्यात चढल्या आणि निघायची खूण केली. आणि वहिनी, ऐन वेळी मी कच खाल्ली. इतक्या कडक बाईंपुढे 'चला' काय ओरडायचं, आपल्या एका शब्दापायी सगळं फिसकटायला नको, असा विचार करून मी शहाण्यासारखा "फेर्टिश!" ओरडलो. हेर क्राउझेंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, पण नियम तो नियम, त्यांनीही तेच पुढे दिलं. इंजिनाने शिट्टी दिली, डबे हलले. आणि बाईंनी हात वर केला.

गाडी थांबली. बाई खाली उतरल्या, रुळांच्या कडेने चालत माझ्यापर्यंत आल्या. नियमावली उघडून एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, तुम्ही आत्ता काय ओरडलात? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो शब्द इथे नाही." मी समजवायला लागलो की इथे लिहिलेला शब्द जर्मन नाही, आमच्या एक सहकारी होत्या, त्यांच्यामुळे तो आला, मला वाटलं तुम्हाला कदाचित चालणार नाही. त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही.

"तो कुठल्या भाषेतला आहे हा माझा प्रश्न नाही. नियमात आहे. तोच म्हणायचा. पुन्हा सुरुवातीपासून."

चार पावलं गेल्या आणि परत आल्या. त्यांना उच्चार हवा होता, म्हणजे बरोबर हाक आली की नाही हे त्यांना पुढे ऐकून ठरवता आलं असतं. मी म्हणून दाखवला. त्यांनी तो दोनदा म्हटला, नियमावलीच्या कडेला पेन्सिलीने काही लिहून घेतलं आणि जागेवर जाऊन बसल्या. जन्मभर मराठी बोलणाऱ्या माणसाला जर्मन सरकारने मराठी बोलायला लावलं, वहिनी. तू हे बघायला हवं होतंस. मी चाक सोडलं, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो. हेर क्राउझेंनी ते पुढे दिलं. इंजिनवाल्याने शिट्टी जरुरीपेक्षा फारच लांब वाजवली, त्याचीही बाईंनी नोंद केली म्हणे.

पूल आला. मी खाली बघितलं नाही. वळण आलं, चाकं करकरली, मी अर्धा फेरा आवळला आणि सोडला, शिकवलं होतं तस्सं. मग झाडी संपली आणि समोर तुझा काळानिळा ढीग. बाईंनी उतरून सही केली आणि 'अभिनंदन' म्हणाल्या. सत्तरी-ऐंशीची ती सगळी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मी ओरडलो ते तेव्हा. काय ओरडलो आठवत नाही, पण वरच्या झाडांतले कावळे उडाले.

त्यानंतरच्या रविवारी लोकांसाठी पहिली गाडी सोडली. दादा येणार नाही म्हणत होता. सई रेगेन्सबर्गहून आली, त्याचे बूट त्याच्यासमोर ठेवून उभी राहिली, आणि तो मुकाट्याने निघाला. डबे भरले होते. सभागृहातल्या त्या आजीबाई खिडकीशी होत्या, बुडाखाली वर्तमानपत्र घेऊन. सायकलवाल्यांचा म्होरक्यासुद्धा तिकीट काढून बसला होता, आणि मागच्या डब्यात सायकली न्यायची सोय करा असं मला सांगत होता. मला ते पटलं. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी ते मांडणार आहे, तुझा विरोध गृहीत धरून.

वर पोचल्यावर सई सगळ्यांच्या आधी उतरली. पहिलं पाऊल ढिगावर पडलं आणि ती वाकली, दगडाला हात लावून कपाळाला लावला. तिने ते ठरवून केलं असं मला वाटत नाही. तिच्यामागून दादा वाकला आणि जरा वेळ तसाच राहिला. हेर क्राउझेंनी तेच जुनं स्टूल वर आणलं होतं. तुझ्या नावाने रिकामं वगैरे ठेवलं नाही त्यांनी, गुडघे दुखतात म्हणून स्वतःच बसले, आणि तुझी गोष्ट कोण सांगणार म्हणून आजूबाजूला बघायला लागले.

ती सईने सांगितली. जर्मनमध्ये, लिंगं सगळी बरोबर, त्यामुळे मला थोडं चुकल्यासारखं वाटलं. बैलगाड्या सांगितल्या, घोड्यांचा डबा सांगितला, तुझ्यासारखीच थांबून सगळ्यांवर नजर फिरवली. कैद्यांबद्दल सांगितलं, तेव्हा ज्याच्या हातात केक होता त्याने तो खाली ठेवला. आणि शेवटी, अगदी बिनदिक्कत, तिने शंभर माणसांना सांगून टाकलं की भारतातले तिचे पणजोबा याच खाणीतल्या पाटीवर लिहायला शिकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा माझ्याकडे बघून हसला, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

परत निघताना इंजिन दुसऱ्या टोकाला लागलं, म्हणून मीही टोक बदललं आणि आता जो शेवटचा झाला त्या डब्यात ब्रेकशी जाऊन बसलो. सई आणि दादा माझ्यासमोरच्या बाकावर आले. मला राहवलं नाही. इतक्या लोकांपुढे असं ठोकून द्यायचं म्हणजे काय? मी सईला म्हटलं, "पणजोबांच्या पाटीला पुरावा काय गं?"

तुला माहीत आहे, मराठीत विचारलं तरी ही मुलगी कायम जर्मनमध्ये उत्तर देते. तिने माझ्याकडे बघितलं, हाताची घडी घातली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "तू नाही म्हणायचा पुरावा दाखव."

माझ्याकडे तो नव्हता, वहिनी. कधीच नव्हता. मी खिशातल्या तुझ्या हातमोज्यांना एकदा हात लावला, ब्रेकचं चाक उलटं फिरवलं, पुढच्या डब्याकडे तोंड केलं आणि ओरडलो, "चला!"